फिनिश 'हान्ही' आणि आपला हंस, एकाच घरातले का?

उत्तरेची_वाट

नमस्कार मंडळी. इतके दिवस वाचनमात्र होते, धागा पहिल्यांदाच काढतेय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

आम्ही एस्पोला राहतो, हेलसिंकीला लागूनच. घराच्या मागे समुद्राचा छोटा फाटा आत आलाय आणि काठाने मोठी हिरवळ आहे. वसंत सुरू झाला की तिथे काळ्या गळ्याचे पांढऱ्या गालांचे मोठे पक्षी थव्याने उतरतात, दिवसभर गवत खात असतात, जूनमधे पिल्लांची रांग घेऊन खुशाल रस्ता ओलांडतात आणि गाड्या थांबून राहतात. इथे त्यांना वाल्कोपोस्किहान्ही म्हणतात, वाल्को म्हणजे पांढरा, पोस्की म्हणजे गाल, आणि हान्ही म्हणजे इंग्लिशमधला गूज. माझी लेक पावणेचार वर्षांची आहे, पाइवाकोतीत म्हणजे इथल्या बालवाडीत जाते, तिला नुसतं हान्ही.

परवा साताऱ्याला आईशी व्हिडिओ कॉल चालू होता आणि ही खिडकीतून ओरडली, "आज्जी हान्ही! हान्ही आले!" तर आई म्हणाली, "अगं बाई, हंस? दाखव बघू." मी म्हटलं हंस नाही गं, हान्ही, इथल्या भाषेतला शब्द आहे. आई म्हणे, "तेच की, हंसच म्हणतेय ती."

तेव्हापासून डोक्यात तेच चाललंय. फिनिशचं कूळच वेगळं हे मला माहितीये, इथे भाषेच्या क्लासला पहिल्याच आठवड्यात सांगतात की ही युरोपातल्या बाकीच्या भाषांसारखी नाही म्हणून. मग हा शब्द इतका सारखा कसा? नुसता योगायोग का? इथे भाषेचे जाणकार आहेत म्हणून विचारतेय.

कोकणमेवा

छान धागा! मला वाटतं योगायोगच असणार. पक्ष्यांची नावं बहुतेक त्यांच्या आवाजावरून पडतात ना. आपल्याकडे टिटवी टिटिव टिटिव करते म्हणून टिटवी, कावळा काव काव करतो म्हणून कावळा, पावशा तर "पेर्ते व्हा" म्हणतो असंच आजोबा सांगायचे. जगात कुठेही गेलात तरी कोंबडा साधारण तसाच आरवणार, मग नावंही सारखीच पडणार की.

रोखठोक

योगायोग कसला? संस्कृतातून गेलेला शब्द आहे सरळ सरळ. फिनिशमधे शंभरला 'साता' म्हणतात हे मी स्वतः वाचलंय, म्हणजे आपलं शत. हातोड्याला 'वासारा', म्हणजे वज्र. मधाला 'मेसी', म्हणजे मधु. आता हान्ही म्हणजे हंस. अजून किती पुरावे पाहिजेत?

उत्तरेची_वाट

@रोखठोक साता तर मी रोज दुकानात ऐकते, कधी शत डोक्यातच आलं नाही! पण संस्कृत बोलणारे लोक इतक्या वर कधी गेले होते का?

जुनं_पान

@उत्तरेची_वाट, तुमच्या आईंचा कान फार तयार आहे. हान्ही आणि हंस खरंच एकाच मुळाचे आहेत. पण @रोखठोक म्हणतात तसा तो संस्कृतातून तिकडे गेलेला नाही, आणि @कोकणमेवा म्हणतात तसा योगायोगही नाही. तो मधल्या एका शेजाऱ्याच्या घरून आलाय. हा माझा फार आवडता शब्द आहे त्यामुळे जरा लांबण लागेल.

फिनिश उरल कुळातली. एस्टोनियन, कारेलियन ह्या तिच्या सख्ख्या बहिणी, सामी त्याच्या पलीकडे, मग रशियातल्या एर्झ्या आणि मारी, आणि खूपच लांबची हंगेरियन. मराठी इंडो-युरोपियन कुळातली. म्हणजे रक्ताचं नातं शून्य. पण बाल्टिक समुद्राच्या काठाला ह्या फिनिश-एस्टोनियन लोकांच्या पूर्वजांना खेटून बाल्ट लोक राहत होते, ज्यांच्या बोलीतून आजच्या लिथुआनियन आणि लाटवियन आल्या, आणि ह्या दोघी आपल्या कुळातल्या आहेत. अडीच-तीन हजार वर्षांपूर्वीचा शेजार हा. शेजार म्हटला की वाटीभर साखरेसारखे शब्दही इकडून तिकडे जातातच, फिनिशमधे दात, वाटाणा, वाळलेलं गवत असल्या रोजच्या गोष्टींचे शब्द बाल्ट लोकांकडून आलेत. हान्ही त्यातलाच.

लिथुआनियनमधे ह्या पक्ष्याला झांसिस म्हणायचे (झ आपला नाही, 'श' म्हणताना गळ्यातून आवाज काढला की जो येतो तो). लाटवियनमधे झुओस. जुनी प्रशियन म्हणून एक बाल्टिक भाषा होती, अठराव्या शतकाच्या सुरुवातीला ती बोलणारं कुणी उरलं नाही, तिच्यात सान्सी. जर्मन गान्स, इंग्लिश गूज, रशियन गूस, ग्रीक खेन, लॅटिन आन्सेर आणि आपला हंस, सगळी एकाच शब्दाची नातवंडं. मूळ शब्द साधारण घान्स असा होता, पण त्यातला घ टाळूकडे सरकलेला, जवळजवळ घ्य. त्या एका घ्यचं जर्मनीकडे ग झालं, लिथुआनियात तो श-सारखा झ झाला, संस्कृतात ह झाला.

आणि हे फक्त हंसापुरतं नाही, नाहीतर कुणीही म्हणेल ओढून ताणून जुळवलंय. संस्कृत हिम, त्याच्यापासून आपला हिवाळा, लिथुआनियनमधे हिवाळा म्हणजे झिएमा. संस्कृत वहति म्हणजे वाहून नेतो, लिथुआनियन वेझा. जिथे इकडे ह तिथे तिकडे झ, सारखं येत राहतं.

आता फिनिशकडे. त्या काळच्या फिनिशमधे तो झ नव्हताच. परक्या भाषेतला आवाज आपल्याकडे नसला की आपण जवळचा घेतो, तसा त्यांनी श घेतला. मधल्या स-चाही त्यांना श ऐकू आला, हे दुसरीकडेही झालंय, लिथुआनियनमधे बारीक अंगाच्याला लिएसास म्हणतात तो शब्द फिनिशमधे आज लाइहा आहे. तर शब्द झाला शान्शी. मग काही शतकांनी फिनिशमधे एक मोठा बदल झाला, सगळ्या जुन्या श-चे ह झाले, झाडून सगळ्या. शान्शीची झाली हान्ही, दोन्ही श गेले आणि दोन्ही ठिकाणी ह आले.

म्हणून मला हा शब्द इतका आवडतो. हंस आणि हान्ही, दोघांच्या सुरुवातीला ह आहे म्हणून तर आईंना ते सारखे वाटले. पण ते दोन ह एकमेकांचे कुणीच नाहीत. आपला ह घ्य-पासून उतरलाय, त्यांचा ह श-पासून. शब्द एकच, दोन टोकांना गेला, वेगवेगळ्या वाटेने झिजला आणि झिजून दोन्हीकडे सारखाच दिसायला लागला.

टिटवी

वाचून अंगावर काटा आला. वाखूत (वाचनखुणांत) टाकला धागा.

उत्तरेची_वाट

@टिटवी अवांतर: अंगावर काटा येतो त्याला इंग्लिशमधे गूजची कातडी करतात, पण फिनिशमधे 'कोंबडीच्या मांसावर जाणे' म्हणतात, हान्ही तिथे नाहीये.

@जुनं_पान तुमचं उत्तर मी तीनदा वाचलं, काल रात्री नवऱ्यालाही वाचून दाखवलं. एक शंका, सगळ्या श-चे ह झाले हे कशावरून कळतं? तेव्हाचं कुणी लिहून तर ठेवलेलं नसणार.

जुनं_पान

लिहून ठेवलेलं काहीच नाही, फिनिशमधली पुस्तकंच सोळाव्या शतकात सुरू होतात. पण नातेवाईक भाषांमधे तो श अजून शिल्लक आहे. मेपलच्या झाडाला फिनिशमधे वाआहतेरा म्हणतात, मधे ह. तोच शब्द मारीत वाश्तार, एर्झ्यात उक्श्तोर. तिथे श टिकला, इथे ह झाला.

आणि दुसरी बाजू बाल्टिक शब्दांची. लिथुआनियन झिर्निस म्हणजे वाटाणा, फिनिश हेर्ने. शिएनास म्हणजे वाळलं गवत, फिनिश हेइना. शाल्ना म्हणजे पिकावर पडणारं दहिवर-हिम, फिनिश हाल्ला. झाम्बास म्हणजे टोक, कंगोरा, फिनिशमधे तो दात झाला, हाम्मास. एका शब्दावर कुणी विश्वास ठेवू नये, पण रांगच लागली की मग मान्य करावं लागतं. हे काम पहिल्यांदा नीट केलं ते डेन्मार्कच्या विल्हेल्म थॉमसेन ह्यांनी, फिनिशमधल्या जर्मानिक (म्हणजे जर्मन-इंग्लिशच्या घराण्यातल्या) शब्दांवर १८६९ मधे आणि बाल्टिक शब्दांवर १८९० मधे, त्यांची मांडणी मुळात अजून उभी आहे. हेच ते ज्यांनी मंगोलियातले जुने तुर्की शिलालेख १८९३ मधे वाचले.

कोकणमेवा

हाम्मास म्हणजे दात, संस्कृतात जंभ म्हणजे दात असतो ना? मग आपली जांभई पण त्यातलीच का, तोंड उघडलं की दात दिसतात म्हणून?

जुनं_पान

जंभ बरोबर पकडलंत, जंभ, झाम्बास, हाम्मास एकाच मुळाचे. जांभई मात्र वेगळी, ती संस्कृत जृम्भा, म्हणजे जांभई देणे, त्यातून प्राकृतात जंभा होऊन आली. दिसायला सारखी, मूळ निराळं.

रोखठोक

ठीक आहे, तुमचा मुद्दा नीट मांडलात. पण मग साता आणि वासारा ह्यांचं काय? ते पण बाल्टिक म्हणणार का? नसतील, तर हान्हीच बाल्टिक कशावरून, तोही साताबरोबरच आला असेल.

जुनं_पान

@रोखठोक हा प्रश्न फार चांगला विचारलात, आणि तुमचे साता, वासारा, मेसी अगदी योग्य शब्द आहेत. ते आपल्या बाजूचेच, पण संस्कृतातून नाही. संस्कृत आणि इराणी भाषा ज्या जुन्या भाषेतून फुटल्या त्या भाषेचे किंवा तिच्या लगतच्या बोलींचे लोक रशियाच्या गवताळ पट्ट्यात होते, आणि उरल भाषांचे लोक त्यांच्या वरच्या बाजूला जंगलात. देवाणघेवाण तिथे झाली. म्हणजे भारतात वेद रचले जायच्या आधीची गोष्ट.

आता हान्ही त्यांच्याबरोबर का नाही. साता बघा कुठे कुठे आहे, फिनिशमधे साता, सामीत चुओहती, एर्झ्यात स्यादो, पार हंगेरियनमधे साझ. म्हणजे तो शब्द ह्या कुळाच्या लांबलांबच्या फांद्यांवर सापडतो, तेव्हा तो जुना आणि पूर्वेकडून आलेला. हान्ही शोधा. एस्टोनियनमधे हानी, कारेलियनमधे हान्ही, आणि बाकीही त्याच समुद्राभोवतीच्या बहिणी, म्हणजे ज्यांच्या अंगणाला बाल्ट लोकांचं अंगण लागत होतं त्या. सामीत चुओन्या, एर्झ्यात मात्सेय, मारीत कोम्बो, हंगेरियनमधे लूद, ह्यातला एकही ह्या शब्दाचा नाही. शब्द कुठवर पसरलाय त्यावरून तो कुठल्या दारातून आत आला हे कळतं.

रोखठोक

पटलं. साता सगळीकडे आणि हान्ही फक्त काठावर, हे मी तपासलं नव्हतं. धन्यवाद.

काउनासकर

धागा बघून राहवलं नाही, मी लिथुआनियात काउनासला शिकतो, मेडिकलला. आमच्या घरमालकीणबाईंना आज मुद्दाम हा शब्द म्हणायला लावला. आता त्या झांसिस म्हणत नाहीत, झाऽसिस म्हणतात, आ लांबवून, नाकातला आवाज अजिबात नाही. पण लिहिताना त्या आ-च्या खाली एक शेपटी काढतात. मी विचारलं ही कशाला, तर म्हणाल्या पूर्वी इथे नाकात बोलायचे त्याची खूण, आता बोलत नाही पण लिहायची सोडली नाही.

मला लगेच आजोबांची पत्रं आठवली, ते "नांव" "कांहीं" "पांच" असं लिहायचे, प्रत्येकावर टिंब. शाळेत आम्हाला ते चूक म्हणून शिकवलं होतं.

जुनं_पान

@काउनासकर वा! अगदी तेच आहे ते. न उच्चारले जाणारे अनुस्वार आपण १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी काढले, लिथुआनियन लोकांनी ती शेपटी ठेवली. आणि त्या शेपटीत जो न गेला तोच न फिनिश हान्हीत अजून ठणठणीत आहे, लिथुआनियन शेजाऱ्याने नंतर गिळला पण उसना घेतलेल्याने जपून ठेवला. भाषाशास्त्रात फिनिशला ह्याच कारणासाठी फार मान आहे, राजाला फिनिशमधे कुनिंगास म्हणतात, जुन्या जर्मानिक भाषेत हा शब्द कुनिंगाझ असा मानतात आणि आजच्या इंग्लिशमधे त्याचं नुसतं किंग उरलंय.

एस्टोनियनने मात्र उलटं केलं, न ठेवला आणि दुसरा ह टाकला, हानी.

टिटवी

उच्चारावरून आठवलं, मराठी माणसाला हान्ही म्हणायला काहीच जड जाणार नाही ना? आपल्याकडे न्ह आहेच की, कान्होबा, न्हाणीघर, उन्हाळा.

उत्तरेची_वाट

@टिटवी हो! इथे क्लासमधे बाकीचे लोक न आणि ह एकत्र म्हणताना अडखळतात, मी पहिल्या दिवसापासून बरोबर म्हणते. बाईंनी विचारलंही होतं, मी तेव्हा काही सांगू शकले नाही, आता कान्होबा सांगीन.

पाणवठा

मी भाषेतला नाही, पक्ष्यांतला आहे. जायकवाडी आणि नांदूर मध्यमेश्वरला हिवाळ्यात नियमित जातो. थोडं पक्ष्यांच्या बाजूने लिहितो, कारण हंस म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर लांब मानेचा पांढराशुभ्र स्वान येतो आणि मग वाटतं की हान्ही म्हणजे गूज, हंस म्हणजे स्वान, जुळलं कुठे.

भारतात स्वान क्वचितच, कधीतरी एखादा भरकटून उत्तरेकडे उतरला तर उतरला. आपल्याकडे दर हिवाळ्यात खरोखर येतो तो पट्टकादंब, डोक्यामागे दोन काळे पट्टे असलेला राखाडी पक्षी, गूजच तो. लडाखच्या त्सो मोरीरीसारख्या सरोवरांवर, तिबेटात, मंगोलियात वीण करतो आणि हिमालय ओलांडून आपल्या धरणांवर उतरतो, पहाटे हरभऱ्याच्या शेतात चरायला येतो तेव्हा शेतकरी वैतागतात. दुसरा कलहंस, तो म्हणजे तुमच्याकडचा मेरिहान्ही. संस्कृत वाङ्मयातला मानससरोवराकडे जाणारा हंस ह्यांच्यावरूनच आलेला असणार असं माझं मत आहे, कारण पावसाळ्याच्या आधी हिमालयापलीकडे जाणारा आणि शरदात परत येणारा पक्षी प्रत्यक्षात हाच आहे. दूध-पाणी वेगळं करणं कवींचं, पण हिमालयावरून जाणं खरं आहे, त्यात कल्पना काहीच नाही.

तेव्हा आईंनी पक्षी पण बरोबर ओळखला, शब्दही बरोबर.

उत्तरेची_वाट

@पाणवठा मेरिहान्ही म्हणजे शब्दशः समुद्राचा हंस, मेरी म्हणजे समुद्र. इथे किनाऱ्यावर असतो. आणि मेत्सा म्हणजे जंगल, मेत्साहान्ही पण आहे, तो वर दलदलीच्या जंगलात.

स्वानला इथे योउत्सेन म्हणतात. लाउलुयोउत्सेन, म्हणजे गाणारा स्वान, हा १९८१ पासून फिनलंडचा राष्ट्रीय पक्षी आहे. एक युरोच्या फिनिश नाण्यावर उडणारे दोन पक्षी आहेत ते तेच. लेकीचा आवडता पैसा आहे तो.

पाणवठा

त्यांची गोष्ट माहितीये का? शिकारीमुळे जवळजवळ संपले होते. १९३४ मधे कायद्याने संरक्षण मिळालं तरी लोक मारतच राहिले, १९५० च्या आसपास अख्ख्या फिनलंडमधे पंधराएक जोड्या उरल्या होत्या, त्याही पार लॅपलंडमधे. मग युऱ्यो कोक्को नावाच्या पशुवैद्याने त्यांच्यावर पुस्तक लिहिलं आणि लोकांचं मनच फिरलं. आज देशभर आहेत. आपल्या माळढोकाचा विचार करतो तेव्हा मला हे नेहमी आठवतं आणि पोटात तुटतं.

कोकणमेवा

योउत्सेन पण उसना का?

जुनं_पान

नाही, तो त्यांच्या घरचा. सामीत न्युक्चा, रशियातल्या कोमी आणि उदमुर्त भाषांत युस, मारीत युक्सो. म्हणजे साता पसरलाय तितका नाही तरी चांगला लांबवर, आणि इंडो-युरोपियन बाजूला त्याचं कुणी नाही.

@कोकणमेवा तुमच्या पहिल्या मुद्द्याकडे येतो, आवाजावरून नावं. ते खरं आहे, म्हणूनच तिथे जपून राहावं लागतं. क्रेनला फिनिशमधे कुर्की म्हणतात. आपल्याकडे क्रौंच, करकोचा. ऐकायला किती जवळचे, पण ते पक्षीच तसे ओरडतात, कुणीही ऐकून क आणि र घालूनच नाव ठेवील. कोंबड्याला फिनिशमधे कुक्को, संस्कृतात कुक्कुट, तेही तसंच. असल्या शब्दांवरून नातं सिद्ध होत नाही. कोकिळेला काकी, आणि तिच्या ओरडण्याला कुक्कुआ. हंसाचं मात्र तसं नाही, तो पक्षी घान्स घान्स ओरडत नाही.

कोकणमेवा

समजलं. मग कोंबडीला काय म्हणतात, कुक्की?

उत्तरेची_वाट

काना. आणि ससाण्याला, बाजासारख्या सगळ्यांना, हाउक्का.

जुनं_पान

अरे वा, ही जोडी आयती आली. दोन्ही जर्मानिक भाषांकडून घेतलेले. काना म्हणजे जुन्या जर्मानिकमधला हाना, कोंबडा, आजचा जर्मन हान आणि इंग्लिश हेन त्याच घरातले. हाउक्का म्हणजे हाबुका, इंग्लिश हॉक. दोन्हींच्या सुरुवातीला तिकडे ह, पण फिनिशमधे एकाचा क झाला आणि दुसऱ्याचा ह राहिला. का?

कारण काना आला तेव्हा फिनिशमधे ह नव्हताच! ह त्यांना मिळाला तो श-चा ह झाला तेव्हा. त्याआधी ह असलेला शब्द आला की जवळचा म्हणून क घ्यायचे. नंतर आलेल्या हाउक्काला ह तयार होता. म्हणजे तुमच्या खिडकीतल्या हान्हीत जो बदल झाला, शान्शीची हान्ही, तो काना आणि हाउक्काच्या मधे कधीतरी झाला. तीन पक्षी शेजारी ठेवले की त्यांच्यावरून काळाचा क्रम लागतो, ना शिलालेख ना ताम्रपट.

काउनासकर

हे माझ्यासाठी ह्या धाग्यातलं सगळ्यात भारी आहे.

रोखठोक

श चा ह वरून सुचलं, आपल्या इकडे सप्ताह आणि फारसीतून आलेला हफ्ता, हेही तसंच ना? स चा ह.

जुनं_पान

तसंच. इराणी भाषांनी स-चा ह केला, सिंधूचं हिंदू त्यातच झालं. फिनिशशी त्याचा संबंध नाही, पण स-श विरघळून ह होणं जगभर घडतं.

टिटवी

मला एक प्रश्न पडलाय, वेडगळ वाटला तरी विचारते. हे लोक जंगलात-तळ्याकाठी राहणारे, शिकार करून खाणारे. गूज तर दर वर्षी डोक्यावरून हजारोंनी जाणार. मग त्यांना स्वतःचा शब्द नव्हता का? शेजाऱ्याकडून का घ्यावा लागला? आपण आंब्याला परका शब्द घेऊ का?

जुनं_पान

@टिटवी वेडगळ अजिबात नाही, ह्या विषयाचा गाभा आहे तो. शब्द होता. आणि तो अजून फिनिशमधे आहे, फक्त वेगळ्या अर्थाने.

फिनिशमधे पक्षी म्हणजे लिन्तू. एस्टोनियनमधे लिंद. सामीत लोद्दी, पक्षीच. पण हंगेरियनमधे लूद म्हणजे गूज, आणि सैबेरियात ओब नदीकाठच्या मान्सी भाषेत लुन्त म्हणजे गूज. हे सगळे एकाच मुळाशी जोडले जातात. म्हणजे त्यांच्या 'पक्षी' ह्या शब्दाचा आणि 'गूज' ह्या शब्दाचा मूळपुरुष एकच आहे. माझं आपलं असं मत की ज्या लोकांना वर्षात दोनदा आकाश भरून हाच पक्षी दिसतो आणि ज्याच्यावर हंगामभर पोट चालतं, त्यांच्यासाठी 'पक्षी' म्हणजे तोच. मग पश्चिमेकडे समुद्राकाठी आल्यावर लिन्तू सगळ्याच पाखरांना लागायला लागला, त्या एका पक्ष्यासाठी वेगळा शब्द हवासा झाला, आणि शेजारी तर झांसिस म्हणतच होते.

आपल्याकडे ह्याच्या उलट्या दिशेचं उदाहरण आहे. फारसीत मुर्ग म्हणजे पक्षी, इकडे येऊन मुर्गी म्हणजे फक्त कोंबडी. त्याचाच सख्खा भाऊ संस्कृत मृग, आधी कुठलंही रानटी जनावर, नंतर फक्त हरीण. शहामृगातला मृग हा हरीण नाहीच, तो फारसी मुर्ग, म्हणजे पक्षी. अर्थ असे पसरतात आणि आखडतात.

पाणवठा

शहामृग! चाळीस वर्षं पक्षी बघतोय, त्या नावातल्या मृगाकडे कधी नीट बघितलंच नव्हतं.

उत्तरेची_वाट

लिन्तूवरून एक सांगायलाच पाहिजे. आकाशगंगेला फिनिशमधे लिन्नुनराता म्हणतात. लिन्नुन म्हणजे लिन्तूचं 'पक्ष्याचा', राता म्हणजे मार्ग. पक्ष्याची वाट. शरदात पक्षी त्या पट्ट्याच्या दिशेने दक्षिणेला जातात असं जुने लोक मानायचे असं इथल्या एका शेजारीण आजींनी सांगितलं होतं.

काउनासकर

आमच्याकडे पण! लिथुआनियनमधे पाउक्श्च्यू ताकास, पक्ष्यांची वाट. दोन वेगळ्या कुळांच्या भाषा आणि आकाशाकडे बघून एकच नाव.

जुनं_पान

आणि मारी भाषेत, म्हणजे तिकडे व्होल्गाकाठी, आकाशगंगा म्हणजे कायिक कोम्बो कोर्नो. रानहंसांचा रस्ता. तिथे पक्षी मोघम नाही, नेमका तोच आहे. लिन्तूचा जुना अर्थ गूज होता हे लक्षात ठेवून लिन्नुनराता पुन्हा म्हणून बघा.

टिटवी

मिळालं उत्तर. म्हणजे हंसांची वाट.

कोकणमेवा

फिनिशमधे ह्या पक्ष्यावरून म्हणी वगैरे आहेत का? आपल्याकडे हंसावर कितीतरी.

उत्तरेची_वाट

एक रोजच्या बोलण्यातली आहे, हान्हीच्या पाठीवर पाणी ओतल्यासारखं. कितीही सांगा, काही उपयोग नाही अशा माणसाला. आपलं पालथ्या घड्यावर पाणी, तंतोतंत. मी ती पहिल्यांदा ऐकली तेव्हा अर्थ विचारावा लागलाच नाही.

आज परत आईला कॉल केला, सगळं सांगितलं. झांसिस, शान्शी, दोन वेगळे ह, सगळं. आई शांतपणे ऐकत होती, मधेच म्हणाली मी काय शिकलेली नाही बाई, कानाला जे लागलं ते बोलले. मग लेकीला म्हणाली, खिडकी उघड, बघू आलेत का. संध्याकाळी साडेनऊ वाजले होते, बाहेर लख्ख उजेड, पाणी संथ, आणि नेमका एक थवा ओरडत छपरावरून गेला. फोनवर आवाज नीट पोचला असावा, कारण आई म्हणाली "ह्यांचा आवाज काही हंससारखा नाही हो."

जुनं_पान

बरोबर आहे त्यांचं. मी वर हेच लिहायला पाव पान घालवलं.